सुई अडकली तेव्हा

बाबा ग्रामोफोनच्या जाहिराती काढायचे आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक होतं: आईला, मला आणि आत्याला. आत्याच्या पोटात एरवी काही राहत नाही, पण भावाची ही गोष्ट तिने राहू दिली.

तापात कान गेले. त्याआधी बाबा साबणापासून खोकल्याच्या औषधापर्यंत वाट्टेल त्या जाहिराती काढायचे. ताप उतरला तेव्हा एकच काम हातात उरलं होतं, ग्रामोफोनच्या दुकानाचं, आणि घर त्याच्यावर चालत होतं. आवाज विकणाऱ्या दुकानाची चित्रं बहिऱ्या माणसाने काढायची, हा विनोद आम्ही कधी केला नाही. मोठ्याने केला असता तरी बाबांना ऐकू गेला नसता, पण हसायची छाती कुणाची होती?

गंमत म्हणजे, कान गेल्यावरच त्यांची चित्रं वर्तमानपत्रात उठून दिसायला लागली. इतर दुकानांच्या जाहिरातींत कर्ण्यातून पक्षी उडायचे, फुलं सांडायची. बाबा कर्णा कोपऱ्यात ढकलायचे आणि ऐकणारी माणसं काढायचे. इस्त्री हवेतच धरून थांबलेली बाई. चष्मा कपाळावर ठेवून विसरलेले आजोबा. दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून ते आत गाणं ऐकणाऱ्या लोकांचे चेहरे बघत राहत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, गृहस्थ गाण्याचे शौकीन दिसतात.

मग मालकांना कुणकुण लागली. दुकानातल्या कारकुनाने मागून हाका मारल्या आणि बाबा वळले नाहीत, एवढंच निमित्त. मालक तोंडावर काही बोलले नाहीत. फक्त निरोप आला: या वेळी घरातलं चित्र हवं, रविवारी मशीन घेऊन तुमच्याकडेच येतो, ऐकता ऐकता काढा.

"ऐकता ऐकता," आई म्हणाली. काम गेलं तर दुसरं कोण देणार होतं?

समोरून बोलणाऱ्याची आम्हाला भीती नव्हती, कारण बाबा ओठ वाचायचे. पण तबकडीला ओठ नसतात. शेवटी आईनेच तोड काढली आणि मला म्हणाली, "तू त्यांच्या समोर बस. गाणं सुरू झालं की वेणी पुढे घे. संपलं की मागे टाक."

"आणि गाणं भिकार निघालं तर?" आत्याने विचारलं.

"तर गप्प बसा, वन्सं."

रविवारी मालक आले. हमालाने मशीन टेबलावर ठेवलं आणि तो बाहेर जाऊन बसला. बाबा कागद मांडून तयार होते. मालकांसाठी आईने समोरची खुर्ची पुसून ठेवली होती, पण ते खिडकीपाशी, नेमके बाबांच्या पाठीमागे जाऊन बसले.

"उजेड पुरतो ना?" त्यांनी मागूनच विचारलं.

"पुरतो ना, भरपूर पुरतो," आई म्हणाली.

"मी त्यांना विचारलं."

मी पाण्याचा पेला उचलला आणि बाबांच्या डोळ्यांसमोरून मालकांकडे नेला. बाबांची नजर पेल्यामागून वळली. मालकांकडे बघून ते छानसं हसले. ते हसणं उत्तर म्हणून कसंबसं खपलं.

मालकांनी उठून चावी दिली, सुई टेकवली आणि ते परत जागेवर जाऊन बसले. एका बाईचा आवाज खोलीत भरला. मी वेणी पुढे घेतली. बाबांची पेन्सिल चालू लागली, मानही हलकेच डोलू लागली. काचेबाहेर उभं राहून शिकलेलं डोलणं होतं ते, अगदी बेमालूम. आईचा जीव जरा भांड्यात पडला.

आणि सुई अडकली.

"सांग ना, सांग ना, सांग ना," ती बाई म्हणत राहिली. आम्ही सगळ्याचा विचार केला होता, याचा नव्हता. गाणं पुढेही जात नव्हतं आणि संपतही नव्हतं. आता वेणीचं काय करायचं? बाबा मजेत डोलत होते. कान असलेल्या कुणाच्याही कपाळाला एव्हाना आठी पडली असती. मालक सुई उचलायला उठले नाहीत. बाबांच्या पाठीवर डोळे रोखून बसून राहिले.

तेवढ्यात आत्याने डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली. गाण्याचं जन्मात वावडं असलेली आमची आत्या! आईने तिच्याकडे पाहिलं आणि तीही डोलू लागली. मग मीही. तिघी जणी त्या अडकलेल्या शब्दावर अशा डोलत होतो, जणू गाणं तेवढंच होतं. मला रडू येत होतं आणि हसूही.

बाबांनी चित्रासाठी मान वर केली. आत्याकडे बघितलं, माझ्याकडे, मग आईकडे. पेन्सिल थांबली.

"असं कुणी गाणं ऐकत नाही," ते आईला म्हणाले. मग त्यांना माझ्या मुठीत घट्ट धरलेली वेणी दिसली. ते मागे वळले. "मालक, मला ऐकू येत नाही. तापापासून. यांच्यावर रागावू नका."

"सांग ना," तबकडी म्हणाली.

मालक उठले आणि त्यांनी सुई उचलली.

"मग आजवर काढलीत ती माणसं?" त्यांनी विचारलं.

बाबांनी ओठ वाचले. "तुमच्या दुकानाच्या काचेतून बघितलेली."

मालक बराच वेळ तबकडीवर फुंकर मारत राहिले. मग त्यांनी सुई जरा पुढे टेकवली आणि गाणं सुरू झालं. मी वेणीला हात लावला नाही. आता लपवायचं काय उरलं होतं? आई भिंतीला टेकली. बाबांचे कान गेल्यापासून तिने घरात गुणगुणणंही सोडलं होतं. त्यांना जे मिळत नाही ते आपण का घ्यावं, असं तिचं म्हणणं. आता काम गेलंच आहे म्हटल्यावर ती हातपाय गाळून बसली, आणि बसल्या बसल्या ऐकू लागली. तिचे ओठ आपोआप हलू लागले. मला ती त्या घडीला फार सुंदर दिसली. बाबांनी नवा कागद घेतला आणि तिच्यावरची नजर न काढता ते काढत गेले.

गाणं संपलं. कुणी खूण केली नाही. आईच्या चेहऱ्याकडे बघून बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

मालकांनी चित्र पाहिलं, चांगलं वाचल्यासारखं पाहिलं, आणि हमालाला हाक मारली. जाताना पाठमोरेच काहीतरी पुटपुटले. पायरीवर थबकले, परत आत आले, बाबांच्या अगदी समोर उभे राहिले आणि गळ्याच्या शिरा ताणून एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "चित्र. सोमवारी. दुकानात. आणून द्या."

"हळू, मालक," बाबा म्हणाले. "शेजाऱ्यांना ऐकू येतं."