धुळ्याच्या डिस्कमधलं गाणं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ‘पुरावा दाखवा’ म्हणणारी पत्रकं मी स्वतः लिहिली, सायक्लोस्टाइल केली, जळगावच्या बसस्टँडवर वाटली. आजही वाटेन. म्हणूनच हे लिहिताना हात अडखळतो... पण जे पाहिलं ते दडवणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. जळगावातच, जिल्हा पेठेत माझी आत्या राहायची, सगळ्यांची अक्का. तिच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर आमची सगळी पत्रकं आणि खेड्यापाड्यांतून जमवलेली बायकांची गाणी होती. आतल्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही वायरीतून त्याच फाइली उघडायच्या. सगळा भार त्या एका डिस्कवर! त्यात खानदेशचा उन्हाळा आणि भारनियमन. म्हणून अक्काचा नियम होता — दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची, ती कापडात शिवायची आणि धुळ्याला तिच्या भावाकडे, माझ्या नानाकाकांकडे, ठेवायची.

“एक घर जळालं तरी गाणी जळता कामा नयेत,” ती म्हणायची.

नानांकडे कॉम्प्युटर नव्हताच. डिस्क डाळीच्या डब्याशेजारी पडून असायची.

त्या वर्षी होळीला प्रत धुळ्याला गेली. पाडवा उलटल्यावर शेजारच्या सिंधूताईची आई धुळ्याकडच्या खेड्यातून लेकीकडे आली. अक्काने टेपरेकॉर्डर काढला तशी म्हातारी उसळली, “मना आवाज डबामा नको कोंडू व माय. लिखी ले!”

ती गात गेली, मी टाइप करत गेलो. शेवटची ओळ तिने लेकीसाठी तिथल्या तिथे रचली. सिंधूताई कामावर गेली होती. संध्याकाळी तिला सांगितलं तर म्हणाली, “आत्ता नको. अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या झोक्यावर आईच्याच तोंडून ऐकेन.”

आखाजीच्या आधीच म्हातारी वारली. त्याच आठवड्यात अक्काच्या कॉम्प्युटरची डिस्क कर्र कर्र करून बंद पडली. मेकॅनिकने हात झटकले.

सिंधूताई आमच्या दारात उभी होती. मला आठवत होतं ते एवढंच — “झोका गया आभायमा...”

“पुढे?”



अक्काने धुळ्याला फोन लावला. मी म्हटलं, “अक्का, ती प्रत होळीची आहे! गाणं नंतरचं.”

“पुरावा मागतोस ना जगाला? मग न बघता ‘नाही’ कसं म्हणतोस?”

नाना एसटीने आले. “मांडीवर धरून आणली पोरीसारखी! कंडक्टर विचारतो, पेढे का?”

अक्काने आपली शिवण ओळखली, स्वतःच उसवली. मी डिस्क जोडली. एसटीचे धक्के खाऊन आलेली ती डिस्क काय शांत फिरली! यादीत शेवटची फाइल त्याच गाण्याची. तारीख म्हातारी गायली त्या दिवसाची.

सिंधूताईने आधी मनात वाचलं, मग मोठ्याने —

“झोका गया आभायमा, मनी सिंधू उनी दारमा.”

झोका आभाळात गेला आणि माझी सिंधू दारात आली — आईने लेकीसाठी रचलेली ती ओळ तिने पुन्हा एकदा वाचली.

नंतर मी सगळ्यांना विचारलं. नाना आईची शपथ घेतात, डब्याजवळची डिस्क कुणी हलवली नाही. मेकॅनिक म्हणतो, चुकून आधीच कॉपी झाली असेल. आधी? न गायलेलं गाणं? देव मी मानत नाही. पण त्या हाताएवढ्या लोखंडी डबीला मनातून सलाम करतो.

त्या दिवशी मी पडद्याकडे बघतच राहिलो होतो. अक्काने डोळे पुसले आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

“बघत काय बसलास? फ्लॉपी घाल. प्रत काढ.”