पस्तीसला गोल कंस

शिरूर अनंतपाळच्या सिद्रामप्पा गुरुजींना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कंस चुकलेला दिसला की त्यांचं डोकं अजून फिरतं. अख्खं गणित बरोबर सोडवून शेवटी चौकोनी कंसाच्या जागी गोल कंस टाकणाऱ्या पोरांचा अर्धा गुण त्यांनी जन्मभर कापला. "उंबऱ्यावरचा माणूस घरात हाय का बाहेर, एवढं तरी सांगावं का न्हाई?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा संक्रांतीनंतर मंजुश्री त्यांच्याकडे शिकायला येऊ लागली. गावातलीच लेक, दोन लेकरांची आई. एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघणार होती आणि लेखी परीक्षेत बीजगणित होतं. पहिल्याच दिवशी -3 < 2x - 5 ≤ 7 बघून ती रडकुंडीला आली.

"घाबरू नको," गुरुजी म्हणाले. "तिन्हीकडं पाच मिळव. मग तिन्हीकडं दोननं भाग. मधल्या x ला मोकळं करायचं, बास."

उत्तर आलं (1, 6]. एक बाहेर, सहा आत. पुढं ऋण संख्येनं भागताना चिन्हं उलटवायलाही ती विसरेना. ही पोरगी नोकरी घेणारच, असं गुरुजी बायकोला, गुरम्मांना, रोज जेवताना सांगू लागले.

मे महिन्यात जाहिरात आली. मंजुश्रीनं मोबाइलवर वाचून दाखवली: एक जूनला वय अठरा पूर्ण असावं आणि पस्तिसापेक्षा कमी असावं. गुरुजींनी सवयीनं फळ्यावर [18, 35) लिहिलं.

"तुझी जन्मतारीख?"

"एक जून, एक्क्याण्णव."

खडू थांबला. एक जूनला ती बरोब्बर पस्तीस पूर्ण करणार होती. आणि ती तारीख गुरुजींच्याच हातची होती.

मंजुश्री शाळेत आली तेव्हा ते हायस्कुलात गेले नव्हते, गावच्या प्राथमिक शाळेत होते. तिचे वडील शिवमूर्ती तिला दाखल करायला आले आणि म्हणाले, "पोळ्याच्या करीला झाली बघा." म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सप्टेंबरात; जूनमध्ये शाळा भरताना सहाला अडीच-तीन महिने कमी. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून गुरुजींनी तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे एक जून ठोकून दिली. सहा पूर्ण, पोरगी आत. खऱ्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. भलं करायला गेले आणि एकोणतीस वर्षांनी तेच तिच्या मुळावर आलं.

"मंजू, ती तारीख मी लिहिली," ते कसंबसं म्हणाले. "तू खरी चौतिसाचीच हायस."

 मंजुश्रीनं त्यांच्या हातातला खडू घेतला, फळ्यावरच्या [18, 35) च्या खाली संख्यारेषा ओढली, अठरावर भरीव टिंब दिलं आणि पस्तीसवर पोकळ वर्तुळ काढलं.

"बरोबर हाय ना, गुरुजी?"

उत्तर बरोबर होतं. होय म्हणायला मात्र गुरुजींची जीभ उचलेना.