पंडिताला उत्तरं माहीत होती

भाषाशास्त्र शिकतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारत, "मग किती भाषा येतात?" विद्यापीठात असताना तो यावर अर्धा तास बोलायचा. भाषा येणं वेगळं, भाषेचा अभ्यास वेगळा, वगैरे. पुढे पुढे तो "दीड" म्हणून मोकळा व्हायला लागला. घरात त्याला पंडित म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे त्यानं कधी तपासलं नाही. निष्कर्ष आवडला नसता.

विद्यापीठात एक गोष्ट पक्की शिकवली होती: माणूस बोलतो कसा, ते कान देऊन ऐका. हे त्यानं इतकं मनावर घेतलं की माणूस बोलतोय काय, याकडे लक्षच जाईना. जिच्याशी लग्न ठरत आलं होतं, ती मुलगी एकदा बागेतल्या बाकावर त्याच्यावर चांगलीच उखडली. रागात तिचा आवाज वाक्याच्या शेवटी खाली न येता वर चढतो, हे याच्या ध्यानात आलं, आणि यानं ते तिला मोठ्या आनंदानं सांगितलं. लग्न मोडलं. निरीक्षण मात्र बरोबर होतं, असं तो अजूनही म्हणतो.

पुढे पोटापाण्यासाठी तो एका कंपनीत लागला. तिथे यंत्राला माणसांचं बोलणं शिकवत. दिवसभर हेडफोन लावून परक्यांचे फोन ऐकायचे आणि कुठे "अं" आलं, कुठे "हं" आलं, कुठे माणूस नुसताच थांबला, तिथे खूण करायची. यंत्र शिकून शहाणं झालं आणि त्यानं पहिली नोकरी खाल्ली ती याचीच. मग तो एका हॉस्पिटलात चिकटला. मेंदूला झटका येऊन ज्यांची वाचा गेली, अशा लोकांसाठी चित्रांची कार्डं करायची: कप, किल्ली, छत्री. कार्ड दाखवून विचारायचं, "हे काय?" एवढा शिकलेला भाचा कात्री घेऊन छत्र्या कापत बसलेला पाहून आत्या म्हणाली होती, "बालवाडीत परत घेतलं का रे तुला?"

आत्यानंच त्याला वाढवलं होतं. तो रांगत होता तेव्हाच आई गेली. वडील तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत, आणि पुढे तेही गेले. बोलण्याची सगळी जबाबदारी घरात आत्यानं एकटीनं सांभाळली. उभ्या जन्मात तिनं कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

त्याच आत्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्द फुटत नव्हता. आत्याचा मुलगा, म्हणजे पंडिताचा दादा, दुसऱ्या गावाहून आला आणि सरळच म्हणाला, "अडीअडचणीला फोनवर दोन शब्द बोलता येत नसतील, तर हिला एकटी ठेवायची कशी? महिनाभर बघू. नाहीतर आजारी म्हाताऱ्यांची एक संस्था आहे, तिथे रात्रंदिवस माणसं असतात." आत्यानं ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"माझ्यावर सोड," पंडित म्हणाला. "माझं कामच आहे ते." हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच म्हणायला मिळालं होतं, त्यामुळे जरा जास्तच जोरात म्हटलं गेलं. रजा काढून तो आत्याकडे राहायला आला.

सकाळ-संध्याकाळ कार्डं सुरू झाली. "हे काय, आत्या?" कप. आत्या कपाकडे बघायची, मग त्याच्याकडे बघायची. याला कप माहीत नाही की काय, असा तो चेहरा होता. पंडित शून्य लिहायचा. हातात किल्ली घेऊन "हे काय?" म्हणताना स्वतःचा आवाज त्याला बालवाडीच्या बाईंसारखा वाटायचा, तरी नेटानं विचारायचा. आत्या तोंडाला कुलूप लावून बसली.

एकदा त्यानं गॅसवर दूध ठेवलं आणि तो कार्डांची जुळवाजुळव करत बसला. मागून आवाज आला, "गधड्या, दूध!"

आत्या! स्पष्ट, खणखणीत. दुसरा कुणीही असता तर त्यानं गॅस बंद केला असता. पंडित रेकॉर्डर आणायला धावला. "पुन्हा म्हण ना, आत्या! एकदाच!" दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ठिबकलं. आत्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

शिव्या आणि सवयीचे शब्द मेंदूत निराळ्या वाटेनं येतात, हे त्यानं वाचलेलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम दूध उतू घालवलं. तिसऱ्या दिवशीही. आत्या आली, डाव्या हातानं गॅस बंद केला, त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि एक अक्षर न बोलता आत गेली. इतका स्वच्छ अपमान त्याचा शिव्या खाऊनही झाला नव्हता.

दादा यायला एक दिवस उरला. पंडितानं कार्डं पिशवीत भरली आणि तो आत्याच्या पलंगाच्या कडेवर बसला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आत्या, मला नाही गं जमत हे," तो म्हणाला. मग ध्यानीमनी नसताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, आई बोलायची कशी गं?"

हजारो परक्या माणसांचे आवाज त्यानं कानात साठवले होते. आईचा एक आठवत नव्हता, आणि त्याबद्दल कुणाला विचारलंही नव्हतं. विचारताना त्याला भीती वाटली.

आत्या वळली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "भ… भर… भरभर."

"भरभर बोलायची?"

आत्यानं डाव्या हाताची चापट त्याच्या गुडघ्यावर मारली. तो गप्प झाला.

"तुझ्या… सारखी." ओठ पुन्हा हलले. "ऐकायची… नाही."

पंडित हसला आणि रडलाही. मग त्यानं दादाला फोन लावला.

"बोलली? रेकॉर्डिंग ऐकव," दादा म्हणाला.

"केलं नाही."

"तू? केलं नाहीस?" दादाचा विश्वास बसेना. "बरं, म्हणाली काय?"

"माझी आई भरभर बोलायची म्हणाली. आणि कुणाचं ऐकायची नाही."

दादा वयानं मोठा, पंडिताची आई त्याची मामी; त्यानं तिला पाहिलेलं होतं. "मामीनं सुरुवात केली की आम्ही पोरं अंगणात पळायचो," तो हळूच म्हणाला. "मी तुला हे कधी सांगितलं नाही. दुसरं कोण सांगणार? खरंच बोलली तुझी आत्या." मग म्हणाला, "त्या संस्थेला नको म्हणून कळवतो. उद्या नुसता भेटायला येतो."

पंडितानं फोन ठेवला. आत्या अजून त्याच्याकडेच बघत होती.

"आणि…" ती म्हणाली. पुढचा शब्द येईना. तो कोणता असेल हे पंडिताला खरंच माहीत नव्हतं, म्हणून तो वाट बघत बसून राहिला.