केशवराव गुरुजींच्या हाडातलं टेक्नेशियम

लाखनीच्या आमच्या गल्लीत केशवराव गुरुजींकडे कोण येतं, हे त्यांच्याआधी मला कळतं. पण चार वर्षांत कळण्यासारखं काही नव्हतंच. बायको वारली, त्याच वर्षी लेकीने, तृप्तीने, रायपूरच्या मुलाशी आपल्या मनाने लग्न केलं, बापलेकीचं बोलणं तुटलं, आणि तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या या माणसाला ऐकणारं कोणी उरलं नाही. भाजीवाल्याला धरून मूलद्रव्यांचा तक्ता समजावायचे. तो वांगी तोलून पळायचा.

तक्त्यातलं त्यांचं लाडकं घर त्रेचाळिसावं. मेंडेलीव्हने ते रिकामं सोडलेलं. पुष्कळांनी 'सापडलं, सापडलं' केलं आणि तोंडघशी पडले. शेवटी १९३७ साली इटलीतल्या दोघांना ते मिळालं, अमेरिकेतल्या यंत्रात कणांचा मारा खाऊन आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. माणसाने घडवलेलं पहिलं मूलद्रव्य, टेक्नेशियम.

"याचा एकही प्रकार कायमचा टिकत नाही, भय्याजी," गुरुजी मला सांगायचे. "झिजतच जाते."

परवा पाठदुखीपायी डॉक्टरांनी त्यांना नागपूरला हाडांच्या स्कॅनला पाठवलं. सोबत मी. सकाळी दहाला सुई टोचली, नर्सने औषधाचं नाव सांगितलं, टेक्नेशियम, आणि गुरुजी नवरदेवासारखे खुलले.

"जल्मभर फळ्यावर लिहिलं, आज माह्या हाडात आलं!"

"मंग लाईट गेली का तुमच्याच उजेडात जेवू काय?"

"ते किरण दिसत नसते, गाढवा. दर सहा घंट्याले अर्धं होते."

निघताना नर्सने बजावलं, उद्या दहापर्यंत गरोदर बाई आणि लेकरांच्या जवळ बसू नका. मला हसू आलं. गुरुजींच्या जवळ बसणारं होतं कोण?

संध्याकाळी गल्लीत शिरलो तर त्यांच्या दारात गाडी. ओट्यावर तृप्ती, सातवा महिना. नवऱ्यासोबत विमानासाठी नागपूरला निघालेली, न कळवता मुक्कामाला उतरलेली.

"बाबा!" ती उठली.

गुरुजी गर्रकन वळले, शेजारी माझ्या घरात घुसले आणि मागच्या खोलीची कडी लावून घेतली.

तृप्तीचा चेहरा पडला. "काका, अजून राग गेला नाही त्यांचा?"

माझ्या तोंडात काही राहत नाही, हे त्या दिवशी कामी आलं. सगळं सांगून टाकलं. ती रडता रडता हसली. मी दार ठोठावलं.

"गुरुजी, दोन हात दुरून बोलाले काय होते? नर्सच म्हणे."

"नर्सच्या घरी नातू येऊन राहिला काय? मधात भिंत पाहिजे."

ताटही त्यांनी खिडकीतूनच घेतलं.

सकाळी आठला गाडी सुरू झाली. तृप्ती माझ्या अंगणात उभी.

"बाबा, निघते."

"बावीस घंटे झाले," आतून आवाज आला. "दोनच राहिले."

"विमान थांबत नाही बाबा."

"माहीत आहे." आत कडी खडखडली, पण उघडली नाही. "राग कवाच संपला होता, माय. फोन हातात घेत होतो, ठेवून देत होतो."

गाडी हायवेला लागली. दहाला कडी वाजली. गुरुजी कालच्याच शर्टात, पण केस पाण्याने नीट बसवून बाहेर आले आणि आपल्या रिकाम्या ओट्यावर जाऊन बसले. मी टिंगल करायला गेलो होतो, जमलं नाही.

फोन वाजला. विमानतळावरून तृप्ती.

"बाबा, दहा वाजले."

"हो," गुरुजी म्हणाले. "आता ये."

मग फोन दोघांपैकी कोणीच ठेवत नव्हतं.