खुंटीवरची चाबी

मंडळी, आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून मी नाचणगावचा असूनही माझा परवान्याचा बार नदीपलीकडच्या जिल्ह्यात आहे. नियम एकच: आधी गाडीची चाबी काउंटरवर, मग ग्लास.

मागच्या आठवड्यात एका गुरुजींना जास्त झाली. मी चाबी दिली नाही. "पायी जातो," म्हणाले.

आज दुपारी त्यांचा मुलगा आला. म्हणाला, त्या दिवशी बारमधून परततानाच गुरुजी पुलावर गाडीवरून पडून वारले.

"गाडीवरून कसे? चाबी तं माह्याजवळ हाय." मी खुंटीवरून काढून दाखवली.

"काका, हे तं जुन्या स्कूटरची हाय. ते विकून दोन वर्षं झाले."

इतकी वर्षं चाब्या घेतल्या, एकही गाडीला लावून पाहिली नाही. तुम्ही पाहिली असती का?

खुंटीवर आत्ता चार चाब्या आहेत. उठून बाहेरच्या गाड्यांना लावून पाहायला जाववत नाही.