मित्र आला की धाप कमी व्हायची

नवऱ्याचा फुप्फुसाचा कॅन्सर हाताबाहेर गेला तेव्हा आम्ही त्यांना हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ आमच्या गावी परत आणलं. औषधं, पेज, अंग पुसणं, सगळं मीच करत होते. आराम मात्र त्यांना पडायचा तो त्यांचा लहानपणीचा मित्र आल्यावर.

तो मेंढ्या राखायचा. दुपारी मेंढ्या लिंबाखाली बसवून खाटेजवळ येऊन टेकायचा. "काळ्या मेंढीला दोन पिल्लं झाली रे," असलंच काहीतरी बोलायचा. कसं वाटतंय, हे कधी विचारायचा नाही. हळूहळू ह्यांची धाप कमी व्हायची. त्याच्या हातून दूधभाकरीचे दोन घासही जायचे. मी भरवलेलं पोटात ठरत नव्हतं.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "गोळी तीच हाय, मंग तो आल्यावरच बरं काहून वाटतं?"

त्या म्हणाल्या, "दुखलं की भीती वाटते, भीतीनं धाप लागते, धापेनं झोप उडते. झोप नसली की तेच दुखणं सोसवत नाही. गोळी दुखण्यावर चालते. भीती त्या मित्रामुळे कमी होत असेल. येऊ द्या त्यांना."

म्हणजे माझ्यामुळे ती कमी होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीही त्याच्यासारखी खाटेजवळ बसले. सोयाबीनचं, म्हशीचं बोलू लागले. ह्यांचा श्वास उलट चढायला लागला.

"माझं काय चुकून राहिलं?" मी विचारलं.

"तुझं न्हाई चुकत," ते थांबत थांबत म्हणाले. "तुला पाह्यलं की मनात येतं, माझ्यामागं हिचं कसं व्हईल. त्याला पाह्यलं की तसं काई येत न्हाई."

मला रडू आलं, पण मत्सर गेला नाही. त्याच्याशी ते निवांत होते आणि माझ्या वाट्याला काळजी आली होती.

शेवटच्या दुपारी घरघर सुरू झाली तेव्हा मीच त्याला बोलावून आणलं. तो उशाशी बसला. मला पाहून उठू लागला, "वहिनी, तुमी बसा हितं."

"असू द्या," मी म्हणाले. "तुमीच बसा."

मी पायाशी बसले. ह्यांचा हात त्याच्या हातात होता. श्वास मंद होत गेला आणि थांबला.

शांतपणे गेले, असं सगळे म्हणतात. मीही व्हय म्हणते. तो अजूनही कधी कधी दारावरून मेंढ्या नेतो. मी त्याला चहा देते आणि आत निघून जाते.