होडीच्या फिलरसाठी हुबळीची वारी

शिडाच्या होडीचं सामान आणायला समुद्र सोडून हुबळीला कोण जातं? मी गेलो. कारवारच्या उन्हाने डेकवरचा नायलॉनचा फिलर, म्हणजे पेट्रोल भरायचं तोंड, तडकला होता आणि पेट्रोल आत झिरपत होतं. इंजिन सुरू करण्याआधी बायकोला वास आला म्हणून वाचलो. "हे नीट होईपर्यंत मुलगी होडीत पाय ठेवणार नाही," तिने बजावलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तेवढ्यात हे कळल्यावर धारवाडहून भावोजींचा फोन, "ये की इकडं. काय पायजे ते करून देतो."

भावोजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. घर धारवाडच्या मळमड्डीत, भांड्यांचं दुकान हुबळीत.

जाणार असाल तर सकाळची बस धरा, अंकोल्यानंतरचा घाट उजेडात बघण्यासारखा आहे. यल्लापूरला गरम इडली मिळते. हुबळीहून धारवाडला बस सतत असतात. रायापूर मागे पडलं की मला अक्काच्या स्वयंपाकाचे वेध लागतात.

जेवताना भावोजींनी फडक्यात गुंडाळलेली वस्तू पुढे ठेवली. पितळी फिलर! ओळखीच्या कारागिराकडून खास करून घेतलेला, लखलखीत. "आतनं कल्हई पण केलीय," ते खुशीत म्हणाले, "पेट्रोल कळकायचं नाही."

हसू आलं. भांडीवाल्याने जीव लावला तो असा! हो म्हणून टाकावं असं मनात आलं. पण दिवाळीत ते होडी बघायला येणार होते, म्हणजे तो बसवावाच लागला असता. आणि त्याच होडीत माझी मुलगी बसणार.

"भावोजी, हा नको," मी म्हणालो. "खाऱ्या हवेत पितळेतलं जस्त निघून जातं. वरून चांगला दिसेल आणि एक दिवस तडकेल."

त्यांनी फिलर पुन्हा फडक्यात गुंडाळला. अक्काने न विचारताच मला ताक वाढलं.

"मग कशाचा पायजे?" शेवटी ते म्हणाले.

"तीनशे सोळा नंबरचं स्टेनलेस स्टील."

"दुकानं उघडली की जाऊ."

दुसऱ्या दिवशी हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या दुकानदाराने स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही हे दाखवलं. पण चुंबकाने भांड्यांचं तीनशे चार आणि खाऱ्या हवेत टिकणारं तीनशे सोळा यातला फरक कळत नाही, म्हणून कारखान्याचा दाखला मागायचा. दुकानदार वैतागला, भावोजी कन्नडमधून हुज्जत घालत ठाण मांडून बसले. दाखला निघाला. संध्याकाळपर्यंत लेथवर फिलर तयार झाला. बुचाची रिंग पेट्रोल सोसणारी हवी, पाइप इंधनासाठीचाच हवा, आणि फिलरपासून टाकीपर्यंत अर्थिंगची तार हवीच, नाहीतर पेट्रोल भरताना ठिणगी पडू शकते. भावोजींनी हे सगळं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

कारवारला फिलर बसवला, टाकी भरली, वास कोंडतो का बघायला होडी दिवसभर बंद ठेवली. मग बायकोने आत वाकून वास घेतला आणि धक्क्यावरच्या मुलीला हात दिला. माझे डोळे भरून आले. तरी त्या ताटावरचं "हा नको" मनातून जात नव्हतं. मी भावोजींना फोन लावला.

"त्या दिवशी वाईट वाटलं बघ, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "पण माझ्या भिडेनं तू गप बसला असतास, तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. बरं, पोरीचं लाइफ जॅकेट कशाचं आहे ते सांग आधी."